यानातून उतरलेली बाई

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण आहे ते माझ्या थोरल्या वहिनींचं. चिकोडीकडच्या कानडी शाळेत शिकलेल्या वहिनी निपाणीला आमच्या घरी आल्या, त्या ट्रंकेत थोडी कानडी पुस्तकं घेऊन. मी मराठी शाळेतला. कानडी बोलता यायचं, वाचता नाही. दुपारी वाचलेलं त्या संध्याकाळी विड्या वळताना मला मराठीत सांगायच्या. त्यात एक विज्ञानकथा होती. ग्रहावरचं पाणी आटत चाललंय, माणसं शेवटच्या यानात बसलीत, विहिरी राखणारं यंत्र तिथंच राहणार आहे. यान सुटताना एक बाई खाली उतरते. म्हणते, "ह्यानं आमास्नी पाणी पाजलंय. एकट्याला टाकून कसं जायचं?" इथं वहिनींची विडीची पानं कापणारी कात्री थांबायची.

घरातला पहिला पदवीधर मी. तो वहिनींचा हट्ट. आता बेळगावात शिकवतो. मध्यंतरी पटकथा लिहिणाऱ्या मित्राचा पुण्याहून फोन आला. कुठल्या विज्ञानकथांवर सिनेमा व्हायला हवा, असं विचारत होता. मी बेधडक हीच सांगितली. तो म्हणाला, "त्या बाईसाठी सिनेमा करू. पुस्तक पाठव."

खडेबाजारात एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते सापडलं. कानडी मी नंतर शिकलो होतो. दुकानाच्या पायरीवरच शेवटची पानं उघडली. यान सुटतं, यंत्र बंद पडतं. बाई नाही. घरी येऊन पहिल्यापासून वाचलं. कुठंच नाही.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. वर्गात बोलता बोलता थांबतो, पोरं हसतात. मित्र रोज विचारतो. पुस्तक तसंच पाठवलं तर बाई जाते; बाई ठेवली तर ती कुणाची म्हणून सांगू? फोनवर वहिनींनी हसून विषय उडवला असता. म्हणून पत्र लिहिलं.

"वहिनी, पुस्तक वाचलं. ती बाई त्यात नाही. तुम्ही ती कुठून आणलीत, हे विचारत नाही. पुस्तकासाठी मित्र लेखकाची परवानगी घेईल, पण बाई तुमची आहे. तुम्ही होय म्हणालात तर पडद्यावर तुमचंही नाव लागेल. नको म्हणालात तर मी त्याला 'नाही' म्हणून सांगेन. आणि एक राहिलंय. यान गेल्यावर ती दोघं कशी राहिली? तेव्हा मी विचारलं, तर तुम्ही म्हणाला होतात, 'भावजी, आधी पदवी घ्या, मग सांगते.' पदवी घेऊन लई वर्षं झाली."