गुडघ्याचं नाक

नाशिकच्या दवाखान्यातले प्लास्टरवाले मामा दर खेपेला आधी माझ्या लेकीच्या गुडघ्याशी बोलायचे. "काय पाव्हणे, बरं हाय ना?" तिच्या गुडघ्याची वाटी जन्मापासूनच बाहेरच्या बाजूला सरकलेली, त्यामुळे वाकलेला पाय तिला आपणहून सरळ करताच येत नसे. ऑपरेशनआधी मामांनी पेनाने गुडघ्यावर डोळे आणि तोंड काढलं. वाटी म्हणजे नाक. ते पार कानाशी गेलेलं बघून लेक खूप हसली होती.

ऑपरेशननंतरचं प्लास्टर निघालं, तेव्हा भीतीने ती पायाला हातच लावू देईना. मामांनी हात न लावता नुसतं पेनाचं टोक टेकवलं. पुन्हा डोळे, पुन्हा तोंड. नाक आता अगदी मधोमध!

"जरा वाकव बरं. रुसतो का बघू."

तिने पाय हळूच वाकवला. गुडघ्यावरचं तोंड वेडंवाकडं झालं.

"मामा, रुसला!" ती ओरडली आणि त्याला हसवायला तिने पाय सरळ केला. आपणहून, जन्मात पहिल्यांदा.