मानपत्रातलं एक वाक्य

आमच्या खानदेशी मंडळाचे दोन कार्यकर्ते एका रविवारी सकाळी घरी आले आणि शेठचं मानपत्र मी लिहावं असं म्हणाले. माझ्या मनात पहिला प्रश्न आला, मीच का? मराठी शाळेतली बाई म्हणून विचारलं असेल, हे सरळ उत्तर होतं. पण माझा नवरा त्याच शेठच्या मिलमध्ये कामाला होता, आणि सरळ उत्तरांवर माझा तेव्हाही फारसा भरवसा नव्हता.

शेठ आमच्यातलेच. तरुणपणी धुळ्याकडून सुरतेला आले, कतारगामात लूमवर उभे राहिले, आणि नव्वदनंतर सुरतेजवळच्या सचिन गावात त्यांची कापड रंगवायची मिल झाली. सत्काराचं कारण मात्र मिल नव्हतं. मिलमागच्या आमच्या वसाहतीत त्यांनी पिण्याच्या पाण्याची टाकी बांधली होती. आपल्या शेतातल्या बोअरपासून पाइप टाकला, तीन नळ लावले आणि कुणाकडून काही घेतलं नाही. आदल्याच वर्षी प्लेगच्या भीतीनं माणसं मिळेल त्या गाडीनं गावाला पळाली होती. त्यानंतर स्वच्छ पाणी देणारा माणूस लोकांना देवासारखा वाटला, यात नवल नाही. ते पाणी मीही पीत होते.

मानपत्रात खोटं काही नको म्हणून मी तारखा जुळवायला बसले. टाकीचे नळ सुरू झाले दसऱ्याला. मिलचं नवं रंगाई खातं सुरू झालं दिवाळीनंतर. आणि होळीच्या सुमारास आमच्या डंकीला, म्हणजे हातपंपाला, गुलाबी झाक असलेलं पाणी येऊ लागलं. वसाहतीतले सगळे म्हणत होते, बरं झालं, टाकी आधीच झाली, देवानंच शेठला बुद्धी दिली. मी मात्र त्या ‘आधीच’पाशी अडकले.

शेजारी जालन्याकडची एक म्हातारी राहायची. तिचा मुलगा गवंडीकाम करायचा आणि ती दिवसभर ओट्यावर बसून असायची. मी तिला टाकीबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, “टाकीच्या आधी एक माणूस आला व्हता. डंकीचं पानी बाटलीत भरून नेलं त्यानं. म्या इचारलं तर म्हणला, सरकारी हाय. आन् जाताना शेठच्या जीपमधी बसला की.”

“हे कुणाला सांगितलंत का?”

“कुनी इचारलं व्हय मला?”

संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो नुकताच पाळीवरून आला होता, नखांत अजून निळा रंग होता.

“तुला कशातच चांगलं दिसत नाही का?” तो म्हणाला. “टाकी नसती तर काय प्यायली असतीस?”

“डंकीचं.”

“ते आता पिता येतं का?”

“का येत नाही, तेच तर विचारतेय.”

तो उठून बाहेर गेला.

दोन दिवसांनी, माहिती घ्यायची म्हणून, मी शेठच्या ऑफिसात गेले. त्यांनी चहा मागवला, लूमवरचे दिवस सांगितले. मी वहीत लिहीत होते. मग विचारलं, “नवं खातं सुरू व्हायच्या आधी डंकीचं पाणी तपासून घेतलं होतंत का?”

त्यांनी चहाची बशी बाजूला सरकवली.

“बाई, हे मानपत्राला लागतं?”

“लागतं.”

त्यांनी एकदम घरची बोली धरली. “बहीन, माले माहीत व्हतं.” मग परत मराठीत म्हणाले, “मिलचं पाणी जमिनीत मुरणार, डंकी बिघडणार, हे दिसत होतं. नाल्यापर्यंत गटार न्यायची तर खातं वर्षभर अडलं असतं. तुमच्याच वसाहतीतली किती माणसं त्या खात्यात लागली, बघा. म्हणून आधी टाकी बांधली.” शेवटी पुन्हा घरच्या बोलीत, “दुसरास्नी इतलं बी करं नही.”

“मग आम्हाला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही डंकी बिघडू दिली असती?”

मी वही मिटून उठले. रस्त्यानं येताना मला त्यांच्या खरं बोलण्याचाच संशय येऊ लागला. हा माणूस प्रामाणिक म्हणून बोलला, की माझ्या नवऱ्याची नोकरी त्याच्या हातात आहे म्हणून बिनधास्त बोलला?

मानपत्रात मी एक वाक्य घातलं: ‘हातपंपाचं पाणी आपल्या कारखान्यामुळे खराब होणार हे ओळखून त्यांनी नवं खातं सुरू करण्यापूर्वीच वसाहतीसाठी टाकी बांधली.’ वाटलं, कार्यकर्ते हे खोडतील, आणि मग मी मानपत्र लिहायला नकार देईन. तसा नकार द्यायला मला आवडलं असतं. पण त्यांनी वाचलं आणि एकजण म्हणाला, “वा बाई! याला म्हणतात दूरदृष्टी.” तो शब्द त्यांनी वाक्यात वाढवलाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी मंडपात ते वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं आणि सगळ्यांत जास्त टाळ्या त्याच वाक्याला पडल्या. शेठनी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं नाही. बायकांच्या रांगेत मी बसले होते, तिकडे पाहून त्यांनी हात जोडले. मी नजर खाली वळवली.

पंधरवड्यातच नवऱ्याला त्या नव्या खात्यात सुपरवायझर केलं. तो पेढे घेऊन आला. माझ्या तोंडून निघून गेलं, “माझं तोंड बंद राहावं म्हणून दिलं असेल.”

पेढ्यांचा पुडा त्यानं हळूच कट्ट्यावर ठेवला. “पाच वर्षं मी तिथं रंगाच्या वाफेत उभा आहे,” तो म्हणाला. “त्याचं काहीच नाही?”

तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी मी माफी मागितली. ती मनापासून होती, तरी शेठबद्दलचा संशय मनातून गेला नाही, हेही खरं.

मग जे मानपत्रात कुणाला दिसलं नव्हतं, ते मी नळावर बायकांना साध्या शब्दांत सांगितलं. काहींनी खांदे उडवले, काही म्हणाल्या, आता मिळतंय ना पाणी? शेवटी म्हातारीसह आम्ही पाचजणी शेठकडे गेलो आणि गटार मागितली. नवऱ्याला मी आदल्या दिवशी कल्पना दिली होती. “जा,” एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी तो खात्यातून बाहेर आला नाही. शेठनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. पुढच्या उन्हाळ्यात सिमेंटचे पाइप आले आणि मिलचं पाणी नाल्यात जाऊ लागलं. आमच्यामुळे झालं, की सरकारी तपासणीच्या भीतीनं, ते कळलं नाही. शेठना वाईट माणूस म्हणायला आजही माझी जीभ रेटत नाही, आणि चांगला म्हणतानाही अडखळते.

पाइप बसले त्या संध्याकाळी आम्ही बायकांनी वसाहतीत नारळ फोडला. नाला तिथून पुढे दुसऱ्या गावांच्या शेतांकडे वळतो. ते पाणी पुढे कुठं जातं, हे विचारायला आमच्यापैकी कुणीच गेलं नाही.