भांगाचा चंद्र

हरिभाऊ सावे फोटो काढताना गिऱ्हाइकाला "हसा" असं कधी म्हणत नसत. काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून, एक हात वर करून ते बजावत, "हलू नका हां. पृथ्वी हलतेय तेवढं पुरे!" गिऱ्हाईक त्या पृथ्वीचा विचार करू लागे, आणि तेवढ्यात इकडे खटका दाबलेला असे. त्यामुळे डहाणूतल्या त्या काळच्या उपवर मुलींच्या फोटोंत लाजण्यापेक्षा बुचकळ्यात पडल्याचा भावच जास्त दिसतो. तरी त्यांची लग्नं जमली, हे विशेष.

मी साताऱ्याकडचा. पोस्टात कारकून म्हणून डहाणूला बदली झाली आणि हरिभाऊंच्या स्टुडिओवरची खोली भाड्याने मिळाली. पहिल्या दिवशी खांद्यावर ट्रंक घेऊन जिना चढत होतो, तर खालून एक लुकडे, चष्मेवाले गृहस्थ धावत आले. नाव नाही, गाव नाही. त्यांनी शिंप्याची टेप सरळ माझ्या डोक्याभोवती गुंडाळली, आकडा पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, "बराबर! तुम्हाला बसेल." अर्ध्या तासात मी चिकूच्या करंडीत डोकं घालून त्यांच्या कॅमेऱ्यापुढे बसलो होतो. करंडीला चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद चिकटवला होता आणि पुढे डोळ्यांपुरती खिडकी कापली होती. रशियाचा माणूस नुकताच अंतराळात फिरून आला होता, आणि त्याच्या टोपासारखा टोप डहाणूत का होऊ नये, असा हरिभाऊंचा सवाल होता. तो फोटो मी हौसेने घरी पाठवला. आईचं उलट टपाली पत्र आलं, 'डोक्याला फार लागलं आहे का?'

रॉकेट, उपग्रह, ग्रह, तारे यांचं या माणसाला अक्षरशः वेड होतं. पहिला उपग्रह उडाला तेव्हा त्यांनी कोळ्यांच्या जाळ्याचा एक गोल बोया मिळवला, त्याला चंदेरी रंग दिला, मोडक्या छत्रीच्या चार काड्या खोचल्या आणि तो स्टुडिओच्या आढ्याला टांगला. मासळी विकून परतणाऱ्या बायका वर बघून म्हणत, "आमचा बोया वर कशाला टांगलाय?" हरिभाऊ चिडत नसत. "बोयाच तो. फक्त पाण्यात नाही, आभाळात तरंगतो," एवढं समजावून ते पुन्हा कामाला लागत.

तलासरीच्या आठवडा बाजारात ते कॅमेरा घेऊन जात, तेव्हा ती करंडीही बरोबर असे. एकदा मीही गेलो होतो. ताडावर चढून ताडी काढणारे एक म्हातारबाबा आले, करंडी डोक्यात घातली, मान वर केली, खाली केली आणि काढून परत दिली. "यात खालचं दिसत नाय," ते म्हणाले. "वर गेलेल्याला खालचंच बघाया लागतं." मला हसू आलं. हरिभाऊ मात्र गंभीर झाले. घरी आल्याबरोबर त्यांनी कात्री घेतली आणि खिडकी हनुवटीपर्यंत खाली कापली. मला म्हणाले, "हसता काय घाटावरचे? वर जायचा रोजचा अनुभव त्यांना आहे. मला आहे का?"

पण त्यांचा खरा जीव होता तो पडद्यावर. फोटोच्या मागे टांगायचा पडदा, त्यावर पूर्वी बाग होती, कारंजं होतं, दोन हंस होते. हरिभाऊंनी चष्म्याची भिंगं आणि पुठ्ठ्याची नळी जोडून एक दुर्बीण केली होती. ती घेऊन ते दर शुद्ध अष्टमीला दिवेलागणीच्या वेळी गच्चीवर बसत आणि चंद्रावरचा एकेक खळगा पेन्सिलीने कागदावर उतरवून घेत. एका खेपेला फार तर पाच-सहा खळगे होत, मग ढग तरी येत किंवा वहिनी जेवायला तरी बोलावत. असं जवळजवळ वर्षभर चाललं. मग एके दिवशी त्यांनी बागेवर, कारंज्यावर आणि हंसांवर काळा रंग फासला आणि त्यावर हा भला मोठा अर्धा चंद्र काढला. खळगे असे, की बोट घालून बघावंसं वाटे. मी खरंच थक्क झालो. हंसांपायी वहिनी मात्र दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्या पडद्यापुढे पहिला फोटो काढायला आली ती आगर गावची जमनाबाई. स्टेशनाजवळच्या बाजारात ती मासळीची पाटी घेऊन बसे. तिचा धाकटा मुलगा गणपत मुंबईहून मोठ्या जहाजावर नोकरीला निघाला होता. त्यांच्या घरात सगळे एका वेळी जमिनीवर सापडणं मुश्किल, कोणी ना कोणी होडीवर असायचाच. सगळ्यांचा मिळून एक फोटो असावा, एवढंच तिचं मागणं होतं. त्या दिवशी नवरा, थोरला, सून, गणपत, सगळे नवे कपडे घालून आले. गाडीला तासभर होता. जमनाबाईने पडदा पाहिला आणि ती दोन पावलं मागे सरली.

"हरीभाव, हा चांद कुठला?"

"अष्टमीचा," हरिभाऊ अभिमानाने म्हणाले.

"म्हंजे भांगाचा! माझा पोरगा दर्यावर चाललाय, नि त्याच्या डोक्यावर भांग?"

मी दारात उभा होतो. मला वाटलं, हरिभाऊंनी भांग पिऊन चंद्र काढला असा तिचा आरोप आहे. मित्राची बाजू घ्यावी म्हणून मी ठणकावून सांगितलं, "बाई, हरिभाऊ सुपारीसुद्धा खात नाहीत!" सगळं कुटुंब माझ्याकडे बघत राहिलं. शेवटी गणपतनेच समजावलं. पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण येतं, पाण्याला ओढ असते, जाळी भरतात. अष्टमीच्या सुमाराला पाणी मरतं, जाळ्यात काही येत नाही, होड्या काठाला पडून राहतात. त्या दिवसांना भांग म्हणतात. अर्धा चंद्र म्हणजे रिकामं जाळं, हे तिथे लहान पोरालाही माहीत होतं. घाटावरून आलेल्या मला नव्हतं, आणि बागायतदाराच्या घरात वाढलेल्या हरिभाऊंनी कधी तसा विचार केला नव्हता.

"अर्धा हाय तो पुरा कर," जमनाबाई म्हणाली. "रंगाला काय तोटा?"

"पुनवेचा चंद्र म्हणजे धुतलेली बशी, जमनाबाय! उजेड समोरून पडतो, एक खळगा दिसत नाही. तिरका उजेड पडला तरच चेहरा दिसतो. माणसाचा काय नि चंद्राचा काय!"

"मंग नको."

"बरं, कोऱ्या भिंतीपुढं काढतो."

"कोऱ्या भिंतीपुढं चोरांचे फोटो काढतात," असं म्हणून तिने पदर खोचला आणि सगळ्यांना घेऊन ती स्टेशनाकडे चालू लागली. हरिभाऊंनीही हाक मारली नाही. दोघंही हट्टाला पेटलेली.

संध्याकाळी मी खाली उतरलो तर हरिभाऊ स्टुलावर उभे होते. हातात पांढऱ्या रंगाचा ब्रश होता. चंद्र पुरा करायला चढले होते, पण ब्रश पडद्याला लागला नव्हता. "आता कोणासाठी करू?" ते म्हणाले. "गाडी तर गेली." आणि उतरले.

पुढे तीन वर्षं गणपतची पत्रं येत. जमनाबाई ती माझ्याकडून पोस्टात वाचून घेई. जमनाबाई आली की हरिभाऊ कसलं तरी निमित्त काढून तिकीट घ्यायला येत आणि पाठमोरे उभे राहून सगळं पत्र ऐकत. मग बाहेर पडता पडता विचारत, "बरा आहे ना?" ती म्हणे, "बरा हाय." दोघांचं बोलणं तेवढंच. हरिभाऊंकडे तेव्हा इतकी तिकिटं साठली होती, की ती चिकटवायला त्यांना नातेवाईक पुरेनात.

मग तो दिवस आला. भर पावसाळ्यात, सकाळच्या रेडिओवर बातमी आली, माणूस चंद्रावर उतरला. हरिभाऊंनी रेडिओ स्टुडिओच्या पायरीवर आणून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर साखर ठेवू लागले, जणू त्यांच्याच घरचा कोणी उतरला होता. गर्दीत जमनाबाई होती, आणि तिच्याबरोबर गणपत. चार दिवसांच्या सुटीवर आला होता. सगळे विचारत होते, चंद्रावर काय खातात, श्वास कसा घेतात. जमनाबाईने विचारलं, "उतरले कुठल्या तिथीला?"

हे कोणालाच सुचलं नव्हतं. हरिभाऊ आत धावले, पंचांग उघडलं आणि तिथूनच ओरडले, "सप्तमी! शुद्ध सप्तमी!"

"म्हंजे भांग लागताना," ती मान डोलवत म्हणाली. "शाणी माणसं हायत. भांगात पाणी धरून असतं, ओढत नाय. होडी लावायला बरं."

हरिभाऊ पंचांगाकडे बघत होते, मग पडद्याकडे. "अर्ध्या चंद्रावर उतरले!" ते म्हणाले. "तिरका उजेड! खळग्यांच्या सावल्या दिसायला हव्यात ना उतरताना!" पुढे कुठल्याशा मासिकात तसंच छापून आलं, पण तोवर त्यांना धीर कुठला? त्यांनी मला मिठी मारली, साखर सगळीकडे सांडली.

जमनाबाई पायरी चढून आत आली. पडद्यापुढे बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "हरीभाव, उद्या आम्ही सगळी येतो. याच्याच पुढं काढ."

"अगं, पण हा भांगाचा..."

"तेच तर. उधाणाला जाळं भरतं, पण घर रिकामं असतं. भांगात माझी सगळी घरी असतात. तीन वर्षं मी कुठल्या चांदाची वाट बघत होते, ते मला आता कळलं."

हरिभाऊंनी चष्मा काढून पुसला. तो पुसायची काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाचही जण आले. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, पाऊस पत्र्यावर वाजत होता. जमनाबाई मधोमध बसली, तिच्या डोक्यावर हरिभाऊंचा चंद्र. हरिभाऊंनी हात वर केला. "हलू नका हां. पृथ्वी हलतेय तेवढं पुरे!"

"हलू दे तिला," जमनाबाई म्हणाली. "माझी सगळी हितं हायत."

आणि खटका पडला. हरिभाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्या फोटोची एक प्रत त्यांनी मला दिली होती, ती माझ्या भिंतीवर आहे. त्यात चंद्राचा खळगान् खळगा स्वच्छ दिसतो. चौघं जण दगडासारखे स्थिर बसले आहेत. मधोमध बोलणारी जमनाबाई तेवढी हललेली आहे. धूसर फोटो हरिभाऊंनी उभ्या आयुष्यात कोणाच्या हाती दिला नव्हता. मी म्हटलं, "पुन्हा काढू या का?" तर म्हणाले, "नको. हा बराबर आला आहे."