काही केलं नाहीस ना?

लेख छापून आला की लोक त्याचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकतात. आमच्या शेजारची ताई मात्र गाऊनवर ओढणी टाकून सकाळी सकाळी आमची बेल वाजवायची.

"वाचलंस?"

"वाचलं की. झकास झालाय."

"ते असू दे गं. त्यातलं काही केलं नाहीस ना?"

ताईला नोकरी नव्हती. पार्ल्यातल्या आमच्या इमारतीत, खिडकीशी टेबल लावून ती जो सांगेल त्याला, सांगेल त्या विषयावर लिहून द्यायची. आज पाण्याचा पंप, उद्या दमा, परवा कुणाच्या तरी मुंजीची निमंत्रणपत्रिका. तुम्हीही तिचं काहीतरी वाचलं असेल, नाव न बघता. विषय कुठलाही असो, ती तो मन लावून शिकायची आणि लेख छापून आला की घाबरायची. मानेच्या व्यायामांवर लिहिलं, तेव्हा तळमजल्यावरच्या आजोबांना तिने मान फिरवून दाखवायला लावली होती. अंधेरीच्या एका कारखान्यासाठी मिक्सरचं माहितीपत्रक लिहिलं, त्यानंतर आमचा मिक्सर घरघरला की ही दारात हजर.

"ताई, तुझं वाचून कोण काय करतंय यार?" मी चिडवायचे.

"करतात गं. छापलेलं लोकांना खरं वाटतं."

मग एका जूनमध्ये तिने रविवारच्या पुरवणीत रानभाज्यांवर लिहिलं. त्या सकाळी बेल थांबेचना. दार उघडलं तर ताई पांढरीफटक.

"शेवळं आणलीत का?"

"सासूबाईंनी आणलीत. काकडंही आणलीत. का गं?"

"ते काकडांचंच वाक्य मी कापलं. मजकूर जास्त होतोय म्हणाले, म्हणून मीच कापलं."

माझं हसू जागच्या जागी विरलं. काकडाची आंबट फळं घातल्याशिवाय शेवळं कुणी खात नाही. नुसती खाल्ली तर घसा खाजतो, सुजतोही. सासूबाई कोकणातल्या, त्यांना हे शिकवायला नको. पण वरच्या मजल्यावर एक मुलगी नव्यानेच भाड्याने राहायला आली होती, एकटी. ताईचं लिहिलेलं सगळं करून बघायची आणि जिन्यात भेटली की कौतुकाने सांगायची.

आम्ही दोघी वर धावलो. बेल वाजवली, दार ठोठावलं, हाका मारल्या. आतून फोडणीचा वास येत होता आणि उत्तर येत नव्हतं. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं रुतली. मला इतकी भीती आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

दार उघडलं तेव्हा मुलीचा एक हात गळ्यावर होता. तिला बोलता येत नव्हतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रिक्षातून दवाखान्यात जाईपर्यंत ताई एकच म्हणत होती, "श्वास घे बाळा. घेतेयस ना?" डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि तिला आमच्यासमोर बसवून ठेवलं. दुपारी मुलीचा आवाज फुटला. तेव्हा कुठे ताई बाकावर बसली आणि ओढणीत तोंड खुपसून रडली.

लिहिणं तिने सोडलं नाही, पोट त्यावरच होतं. पण पुढे कुणी मजकूर कमी करायला सांगितलं, की फोनवर तिचा आवाज भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचा, "माझं नाव कापा, ते वाक्य राहू दे."

ताई गेली त्याला आता वर्ष होईल. तिच्या दाराला कुलूप आहे. परवा माझ्या लेकीने मोबाईलवर वाचून कसल्याशा पाल्याचा काढा उकळायला ठेवला.

"कुणी लिहिलंय गं हे?" मी विचारलं.

"काय माहीत. नाव नाहीये."

मी गॅस बंद केला आणि का कोण जाणे, दाराकडे बघत उभी राहिले. बेल वाजली नाही.