काडीच्या वेली

काडी ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. अंगानं बारीक म्हणून काडी. तिची आईसुद्धा तिला तशीच हाक मारते. काडी चादरींवर छापायची नक्षी काढते. वेली, पानं, कळ्या. सगळं हातानं, कागदावर. मी साहित्याची पदवी घेऊन घरी बसले तेव्हा ती कमावती झाली होती.

तिची वेल कुठेही ओळखू येते. देठ पानाशी पोचायच्या आधी जरासा थबकतो, मग वळतो. असं का, ते तिलाही सांगता येत नाही. हात तसाच जातो.

ज्या कापड-छपाईच्या कारखान्याला ती नक्षी देते, त्यांनी तिची नवी वेल परत पाठवली. कारण एका शब्दात: नक्कल.

तिथे लाखो नक्ष्या संगणकात भरल्या आहेत. पूर्वी त्यांना कपाटं उपसावी लागत. आता एखादं चित्र दाखवलं की संगणक रेषा, आकार, रंग ताडून पाहतो आणि तशीच दिसणारी चित्रं समोर मांडतो. गिऱ्हाईक जुन्या चादरीचा फोटो आणतं, त्याला हवं ते मिळतं. सोय चांगली आहे. पण त्यांनी वर एक नियम बसवला. नवी नक्षी आधी संगणकाला दाखवायची. फार मिळतीजुळती निघाली तर परत.

काडी जाब विचारायला गेली. मी सोबत होते. विभागप्रमुख हसतमुख. टेबलावर कापडाचे तुकडे पसरलेले. त्यांनी तिची वेल पुन्हा तपासली. पडद्यावर ओळीनं चित्रं आली. प्रत्येकात देठ पानाआधी थबकलेला.

काडी पडद्याजवळ सरकली.

"साहेब, ही सगळी माझीच आहेत. पहिल्यांदा काम मागायला आले तेव्हा नमुने ठेवून घेतले होते तुम्ही. बघून परत देतो म्हणालात."

"असतील."

"असतील नाही. आहेत."

"अहो ताई, येतील ते नमुने आम्ही स्कॅन करून संग्रहात टाकतो. संग्रह कंपनीचा."

"मग मी नक्कल कोणाची केली?"

"संग्रहातल्या चित्रांची."

"म्हणजे माझी."

"ते संगणकाला कसं कळणार?" संगणक जणू त्यांचा खाष्ट सासरा होता. "थोडं बदला की. रंग बदलून भागणार नाही, तो रेषेवर पकडतो. वळणच वेगळं घ्या."

लाखो चित्रांतून संगणकानं तिचा हात बिनचूक ओळखला होता. तिच्या कोणा शिक्षकानंही तिला इतकं ओळखलं नसेल. आणि या माणसांनी त्या ओळखीवरूनच तिच्यावर चोरीचा आरोप केला. ही चित्रं कोणाची, एवढं विचारायला तिथे एक जिताजागता माणूस पगार घेऊन बसला होता. त्यानं विचारलं नाही.

काडीनं वळण बदललं. दात-ओठ खाऊन सरळसोट देठ काढले, टोकदार पानं काढली. कागदामागून कागद फाडले. शेवटी एक नक्षी पास झाली. तिनं ती घरी आईला दाखवली. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"कोणाचं गं हे?"

"माझंच."

"हो का," आई म्हणाली आणि पुढची घडी घालू लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा कारखान्यात गेलो.

"ती नक्षी परत द्या," काडी म्हणाली.

"पास झालीये की ती."

"मला नकोय. आणि माझे नमुने संग्रहातून काढा."

"ताई, एकीचे काढले तर उद्या सगळेच मागायला येतील." हे ते जराही न लाजता म्हणाले.

"येऊ देत."

त्या दिवसापासून तिला काम नाही. गिऱ्हाइकं अजून फोटो घेऊन तिथे जातात. संगणक काडीच्या वेली काढून देतो. त्या छापल्या जातात, लोक त्यांच्यावर झोपतात.

आम्ही आता त्या कारखान्यात नमुने ठेवून आलेल्या माणसांना शोधत फिरतो. काल एक बाई भेटल्या. पडद्यांवरची फुलं काढतात. काडीनं त्यांना विचारलं, "तुमचं काही परत आलं का, नक्कल म्हणून?"

बाईंनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "मी घरात कुणाला सांगितलं नाहीये. मला वाटलं, खरंच चुकून कोणाचं तरी उचललं असेल मी."