फोटोतले आबा

गावाबाहेर कड्याच्या रस्त्याला निजामाच्या काळातला डाकबंगला आहे. आबा, म्हणजे माझे वडील, तिथं चौकीदार होते. ते रिटायर झाले आणि मी लागलो. मागच्या खोलीत आमचा संसार. बंगला सरकारच्या संरक्षित यादीत आहे तोवर चौकीदार, आणि चौकीदार तोवर खोली.

साहेबांच्या आरामखुर्चीला आबांनी जन्मभर नुसतं फडकं मारलं, कधी टेकले नाहीत. नेमकं यादी करायला माणसं आली त्या दुपारी खुर्चीत त्यांचा डोळा लागला, आणि फोटो निघाला तो त्यांच्यासकट. खाली शेरा पडला : 'वास्तू जैसे थे राखावी.'

पुढच्या तपासणीला साहेब फोटो हातात धरून फिरले. खांब जुळले, खिडक्या जुळल्या. व्हरांड्यात थांबून म्हणाले, "यातले गृहस्थ कुठायत?"

म्हटलं, "माणूस हाय सायेब, खांब न्हाई."

"बदल दिसला तर मला वर कळवावं लागतं. मग यादीतून नाव गेलं तर मला बोलू नका."

झालं. तेव्हापासून दर तपासणीला आबा खुर्चीत. डोळे मिटून, मान डावीकडं. "चाळीस वर्षं बसू दिलं न्हाई, आन् आता उठू देत न्हाईत लेका," म्हणायचे. छत गळायचं, पण गळती काय फोटोत येत नाही.

यंदा पोळा झाला आणि आबा गेले. तेरावं उरकून आठवडा होतो न होतो, तपासणीचं पत्र आलं. साहेब नवे होते. बायको म्हणाली, "कावून घाबरता? तुमी बसा की. नाक तेच हाय."

लई राग आला तिचा. पण खोली गेली तर जायचं कुठं? आबांचं धोतर नेसलो, बोडक्या डोक्याला पटका बांधला. मिशी दहाव्यालाच उतरवलेली. बायकोनं तंबाखूच्या डबीतल्या चुन्यानं पांढरी मिशी काढली. ओठ चरचरत होता.

साहेबांनी विचारलं, "चौकीदार कुठाय?"

"बीडला गेलेत," बायको म्हणाली.

त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, 'बदल नाही' लिहिलं. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तब्येत जपा, आबा. अजून लई वर्षं बसायचंय."

आबा गेलेत, एवढं मला सांगायचं होतं. पण फोटोत तोंड मिटलेलं होतं.