काढायला सांगितलेला कॉलम

"तो शेवटचा कॉलम काढ," नाईक सर म्हणाले. "बाकी शीट एकदम छान."

मी स्क्रीनकडे बघत राहिले. महाळुंग्यातल्या आमच्या प्लांटमध्ये गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनतात. मी अकाउंट्समध्ये आहे. नाईक सर कमर्शियल हेड. पैसा, माणसं आणि कँटीन, तिन्ही खाती त्यांच्याकडे. माझ्या प्रत्येक अप्रेझलमध्ये त्यांचं एकच वाक्य असायचं: 'मीटिंगमध्ये बोलत नाही, बोलायला हवं.'

तेव्हा कामगारांचा नवा वेतन करार नुकताच झाला होता. करार मागच्या तारखेपासून लागू होतो, त्यामुळे मधल्या महिन्यांचा वाढीव पगार एकरकमी मिळतो. त्याला सगळे 'फरक' म्हणतात. फरकाची बातमी गेटबाहेर गेली की मोटारसायकलवाले, प्लॉटवाले, बँकवाले सगळे गेटवर उभे राहतात. या वेळी एका पतसंस्थेला मात्र थेट कँटीनमध्ये टेबल मिळालं होतं. खातं उघडलं की स्टीलचा डबा फुकट.

सरांनी मला तुलनेची शीट करायला सांगितली. बचत खात्यावर कोण किती व्याज देतं, पैसे कधीही काढता येतात का, किमान किती ठेवावे लागतात. मी केली. मोठ्या बँका तीन टक्क्यांच्या आसपास. छोट्या बँका थोड्या वर. पतसंस्था सगळ्यांच्या दुपटीहून जास्त. शेवटचा कॉलम मी माझ्या मनाने घातला होता: ठेव विमा.

तो काय असतो ते सांगते. बँक बुडाली तर एका खातेदाराला एका बँकेमागे, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाखांपर्यंत रक्कम विम्यातून मिळते. एकाच बँकेच्या चार शाखांत चार खाती उघडली तरी मर्यादा तीच राहते. सहकारी बँकेलाही हा विमा असतो. पतसंस्थेला नसतो, कारण पतसंस्था बँक नाही. काउंटर तसाच, पासबुक तसंच, शिपाईसुद्धा तसाच, त्यामुळे फरक कळत नाही. पतसंस्थेच्या ओळीत मी लिहिलं होतं, 'विमा नाही'.

"सर, तोच तर महत्त्वाचा आहे," मी म्हणाले.

"निगेटिव्ह वाटतं. लोक घाबरतात."

"पण खरं आहे."

"प्रज्ञा, पतसंस्थेचे चेअरमन कोण आहेत माहीत आहे ना? कंपनीच्या सगळ्या बस त्यांच्या आहेत. उद्या सकाळी बस आल्याच नाहीत तर फर्स्ट शिफ्ट कोण चालवणार? तू?"

मी कॉलम काढला नाही. जागेवर येऊन दुसरं काम करत बसले.

दुसऱ्या दिवशी शीट लॅमिनेट होऊन कँटीनच्या भिंतीवर लागली. शेवटचा कॉलम नव्हता. सरांनी स्वतःच काढला होता. खाली 'तयार करणारी' या शब्दांपुढे माझं नाव मात्र तसंच होतं.

माझं डोकं फिरलं. त्याला आणखी एक कारण होतं. त्याच आठवड्यात कंपनीकडे एका परदेशी ग्राहकाचा ॲडव्हान्स आला होता. तो थोडे दिवस कुठे ठेवायचा, याचे पर्याय मी सरांना वाचून दाखवत होते. चेअरमननी विचारलं होतं म्हणून मी पतसंस्थेचंही नाव घेतलं. सर खुर्चीतून जवळजवळ उठलेच. "पतसंस्था? वेडी आहेस का? विमा नाही, काही नाही. बुडाली तर एमडींना काय तोंड दाखवू?"

म्हणजे माहीत होतं. सगळं माहीत होतं. कंपनीच्या पैशासाठी जो प्रश्न पहिला होता, तो कामगारांच्या पैशासाठी निगेटिव्ह होता. माझे वडील पिंपरीत अशाच एका कंपनीत आयुष्यभर मशीनवर उभे होते. अशीच एखादी शीट कुणीतरी त्यांच्याही कँटीनमध्ये लावली असेल, असं मनात येत राहिलं आणि दोन दिवस मला घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये जेवत होते, तेव्हा पतसंस्थेच्या टेबलापुढे रांग होती. रांगेत पुढे दस्तगीर चाचा होते. टूल रूमचे सगळ्यात जुने माणूस, महिनाअखेरीला रिटायर होणारे. मी नवीन असताना सेफ्टी शूज न घालता शॉप फ्लोअरवर गेले होते, तेव्हा सगळ्यांसमोर ओरडून मला परत पाठवणारे हेच. ग्रॅच्युइटी आणि फरक मिळून त्यांचे साडेआठ लाख येणार होते. त्यातून जावयाबरोबर चिखलीत ग्राइंडिंगचं छोटं वर्कशॉप टाकायचं होतं. सेकंडहँड मशीन कधी हाती लागेल सांगता येत नाही, आणि लागलं की पैसे त्याच दिवशी मोजावे लागतात. म्हणून मुदत ठेव नको, कधीही काढता येणारं खातं हवं.

"चाचा, हितं सही करा," पतसंस्थेचा मॅनेजर म्हणाला. "असा टक्का कुठल्या बँकेत हाय का सांगा!"

"टक्का मला नको, भाऊ. व्याज मी घेत नाही. खात्यात पडलं तर काढून गरजवंताला देऊन टाकतो."

"मंग तर चेअरमनची लॉटरीच की राव!" मागून कुणीतरी ओरडलं. रांग हसली.

चाचा हसले नाहीत. "मला एवढंच सांगा. मी ठेवले तेवढे परत मिळतील?"

"चेअरमन साहेबांचा शब्द हाय."

"शब्द ठीक आहे. संस्था बुडाली तर?"

"अशुभ कशाला बोलता, चाचा? कशापायी बुडंल?"

चाचांनी भिंतीवरची शीट पाहिली. खालचं नाव वाचलं आणि वळून मला शोधलं. "बेटा, इकडे ये. हे तू बनवलंय ना? मग तूच सांग. ठेवू इथं?"

शेजारच्या टेबलावर नाईक सर होते. "चाचा, ती जेवतेय. जेवू द्या तिला."

मला चारचौघांत बोलता येत नाही. मराठीत तर वाक्य आधी मनात जुळवावं लागतं, शाळा सगळी इंग्रजीत झाली. त्या दिवशी एकच वाक्य जुळलं.

"चाचा, कंपनी स्वतःचे पैसे इथे ठेवत नाही."

रांगेतून दोघातिघांनी माना बाहेर काढल्या.

"आँ? मंग आमचे कशाला?"

"व्हय का सर? खरं हाय का हे?"

"तो वेगळा विषय आहे," सर म्हणाले.

"कसा काय वेगळा?"

मग मला दुसरं वाक्यही जुळलं. "बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला नसतो. तो कॉलम या शीटवर होता. मी काढलेला नाही."

चाचांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन मॅनेजरपुढे ठेवलं. "प्रेस मशीनचा सेफ्टी गार्ड काढला की प्रॉडक्शन वाढतं, भाऊ," ते म्हणाले. "बोटं ऑपरेटरची जातात."

तासाभरात सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कंपनीची गोपनीय माहिती कँटीनमध्ये सांगतेस? चेअरमनचा फोन येऊन गेला!"

"सर, शीटवर कॉलम परत घाला, नाहीतर माझं नाव काढा."

"तू मला अट घालतेस?"

"हो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून शीटच गायब होती. कॉलमही नाही, नावही नाही. टेबल आठवडाभर राहिलं. बस मात्र सगळ्या वेळेवर आल्या.

चाचा नंतर अकाउंट्समध्ये आले. त्यांना एकाच बँकेच्या चाकण आणि पिंपरी शाखांत अर्धे अर्धे ठेवायचे होते. मी समजावलं की दोन शाखा म्हणजे एकच बँक. बँका दोन वेगळ्या घ्या, आणि प्रत्येकीत पाच लाखांच्या आतच ठेवा. मी दोन्हींचे दर सांगू लागले तर ते म्हणाले, "ते राहू दे. शून्यात आणि तीन टक्क्यांत मला काय फरक?" तीन महिन्यांनी त्यांना ग्राइंडर मिळाला. पैसे त्याच दिवशी निघाले.

रांगेतल्या बऱ्याच जणांनी तरीही खाती उघडली. पतसंस्था आजही चालू आहे. बुडू नये, आमच्याच लोकांचे पैसे आहेत तिथे. त्यातला एक जण मला बघितलं की स्टीलचा डबा वर करून म्हणतो, "मॅडम, अजून न्हाई बुडाली बरं का!" मी मान हलवते. संस्था बुडण्याआधी विमा कधीच उपयोगाचा वाटत नाही, हे त्याला कँटीनमध्ये उभ्या उभ्या कसं सांगायचं?

त्या वर्षीच्या अप्रेझलमधून जुनं वाक्य गेलं. नवीन आलं: 'कुठे काय बोलावं याचं भान हवं.' इन्क्रिमेंट डिपार्टमेंटमध्ये सगळ्यात कमी मिळालं.

व्याजाचा दर न विचारताही लोक सांगतात. त्यांचे स्वतःचे पैसे कुठे आहेत ते मात्र विचारावं लागतं. विचारा, आणि उत्तर येईपर्यंत डबा घेऊ नका.